चौदा शर्ट, दहा नंबर सोडून: सावंतवाडीतल्या जर्सी छापणाऱ्या दुकानाचा अनुभव

आधी हिशेब. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली, वेबिल भरल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही.

शर्ट १४. कोरा ड्रायफिट शर्ट २४० रुपये, पाठीवर नाव आणि नंबर ११० रुपये, म्हणजे नगाला ३५०. एकूण ४,९००. आगाऊ २,००० दिले. मुदत आठ दिवसांची होती, माल अकराव्या दिवशी हातात आला. शेवटी १०० रुपये दुकानातल्या पोराने आपणहून सोडले. ते का, ते पुढे येईलच.

दुकान मोती तलावाकडून बाजारात शिरलं की एका जिन्याखाली आहे. रुंदी एसटीच्या मागच्या बाकाएवढी. आत एक कॉम्प्युटर, एक कटिंगचं मशीन, एक दाबायचं मशीन आणि एक स्टूल. स्टुलावर गिऱ्हाईक बसलं की पोराला उभं राहावं लागतं. नाव लिहीत नाही. पोरगाच म्हणाला, "काका, वायट लिवशात तर नाव घालू नका, बरा लिवशात तर घाला." मी दोन्ही लिहिणार, तेव्हा नाव राहू दे.

त्याचा मुख्य धंदा गणपतीच्या मंडळांचे टी-शर्ट आणि अंडरआर्म क्रिकेटच्या टीमा. मे महिन्यात त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, कारण प्रत्येक वाडीची टूर्नामेंट आणि प्रत्येक टीमला स्पॉन्सरचं नाव छातीवर हवं. फुटबॉलचं म्हणाल तर शाळेतली मुलं मेसी आणि रोनाल्डो छापून नेतात. आमच्यासारखं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच मिळालं.

आम्ही म्हणजे रविवारी सकाळी मैदानावर जमणारे चौदा जण. सगळ्यांत तरुण सत्तेचाळीस वर्षांचा. निम्म्यांच्या गुडघ्यांना पट्टे. अर्धा तास खेळतो आणि दीड तास चहा पीत बोलतो. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी धेंपोवर, म्हणजे गोव्याच्या फुटबॉल क्लबवर, येऊन थांबतं. आमच्याकडच्या माणसाला मुंबई लांब आणि गोवा अंगणात. बांदा सोडलं, पत्रादेवी ओलांडली की गोवाच. त्यातही मला पणजीची वस्तीची गाडी असायची. दुपारी पणजी स्टँडवर गाडी लावायची, कॅश जुळवायची, आणि मॅच असेल त्या दिवशी गोव्याच्या कदंबा बसची नॉनस्टॉप शटल पकडून मडगाव. तिथल्या स्टँडवरून फातोर्ड्याचं स्टेडियम चालत गाठता येतं. ड्रायव्हरला फुटबॉलचं वेड नव्हतं. तो गाडीत झोपायचा आणि परत आल्यावर एकच विचारायचा, "जिंकले काय?"

तर यंदा ठरलं की शर्ट करायचे, आणि प्रत्येकाने पाठीवर धेंपोच्या एकेका खेळाडूचं नाव घालायचं. अट दोन. ज्याच्या अंगात सगळ्यांत जास्त कला होती असं तुम्हाला वाटतं, त्याचंच नाव घ्यायचं. आणि एक नाव एकालाच. ही दुसरी अट ज्याने काढली त्याला मी अजून माफ केलेलं नाही. तीन रविवार भांडणात गेले.

बेकरीवाल्याने पहिल्याच मिनिटाला रंटी मार्टिन्स पळवला. त्याचं म्हणणं सरळ: फुटबॉल म्हणजे गोल, आणि २०११-१२ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, रंटीचे ३२ गोल. एका सीझनचे. हिशेबात खोट काढता येत नाही. नायजेरियातून आलेला हा माणूस २००४ पासून आठ वर्षं धेंपोत राहिला. पण बेकरीवाला आकडा असा सांगतो, जणू पाव मोजतोय.

नळकाम करणारा आमचा स्टॉपर, म्हणजे मागे मधोमध बचाव करणारा. त्याने महेश गवळी घेतला. का, तर म्हणे, "गवळी जमनीवर पडाचो नाय. बॉल येवच्या आदी थय उभो." हे मात्र खरं. २००३ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालने जकार्त्यात जाऊन आसियान क्लब कप जिंकला, त्या टीममध्येही गवळी होता. पुढे धेंपोत आला तेव्हा त्याचं पळणं कमी आणि ओळखणं जास्त झालं होतं. आमचा नळवाला स्वतः दर दोन मिनिटांनी जमिनीवर असतो, ही वेगळी गोष्ट.

मास्तरांनी क्लायमॅक्स लॉरेन्स घेतला. मास्तर बोलायला लागले की तास संपेपर्यंत थांबत नाहीत. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपात, म्हणजे आशियातल्या देशांच्या स्पर्धेत, अफगाणिस्तानविरुद्ध शेवटच्या क्षणी क्लायमॅक्सने गोल केला, भारत पुढे गेला आणि मग तो कपही जिंकला, हे आम्ही आजवर किमान पन्नास वेळा ऐकलंय. एकाने क्लिफर्ड मिरांडा, डाव्या पायासाठी. एकाने समीर नाईक. एकाने अँथनी परेरा, कारण कडेने पळताना तो लाइनीवर चुना उडवायचा म्हणे. आमचा गोलकीपर म्हणाला, मला ब्रह्मानंद शंखवाळकरच पाहिजे.

ब्रह्मानंद साळगावकरचा, म्हणजे गोव्यातल्याच दुसऱ्या क्लबचा! धेंपोच्या शर्टावर साळगावकरचा गोली म्हणजे सोमवारी मासे सोडून देवळासमोर पापलेट तळण्यासारखं झालं. पण ब्रह्मानंद भारताचा कप्तान होता, त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि मुख्य म्हणजे आमच्याकडे दुसरा गोलकीपर नाही. गोलकीपरचं ऐकावं लागतं. मंजूर केलं.

मी बेटो घेतला. रोबेर्तो मेंडेस सिल्वा, ब्राझीलचा. धेंपोच्या मधल्या फळीत खेळायचा. २००७-०८ ची पहिलीवहिली आय-लीग धेंपोने जिंकली, २००९-१० ची परत जिंकली, तेव्हा टीमची चावी याच्याकडे होती. पळायचा कमी. पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या बाजूचा मडगावकर म्हणाला होता की याला जेवल्यावर झोप आलीय. मी बत्तीस वर्षं माणसं मोजली, सुट्टे मोजले, म्हणून असेल कदाचित, पण मला मोजता न येणाराच आवडला. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मान वळवायचा. भरलेल्या गाडीत चढताना मी तेच करायचो: कोण उतरणार, कुठे जागा होणार. मग बॉल आला की एकच टच, आणि रंटी गोलीसमोर एकटा. ३२ गोलांचं सांगणाऱ्या बेकरीवाल्याला मी हेच विचारतो, बाबा रे, रंटीच्या ताटात वाढलं कोणी? तो म्हणतो, ३२ गोलांच्या सीझनबद्दल दुसऱ्या कोणालाही विचार. मग चहा थंड होतो.

बेटो पुढे गोव्यातल्याच चर्चिल ब्रदर्स क्लबकडे गेला. ते दुःख वेगळं.

आता दुकान. मी यादी घेऊन गेलो. पोरगा चोवीस-पंचवीसचा, कानात इअरफोन. यादी वाचून त्याने इअरफोन काढला.

"काका, हे खयचे प्लेयर?"

"धेंपोचे."

"कॉलेजचे?"

पणजीत धेंपे कॉलेज आहे हे त्याला माहीत, आणि पाच वेळा देशाची लीग जिंकणारा धेंपो क्लब माहीत नाही. त्याची तरी काय चूक म्हणा. तो शाळेत असताना, २०१५ मध्ये, धेंपो आय-लीगमधून खाली गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमधून जिंकून वर आला, आणि लगेच गोव्यातल्याच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबांबरोबर लीगमधूनच बाहेर पडला. आय-लीगमध्ये परत दिसला तो थेट २०२४-२५ ला. मधल्या काळात या पोराला फातोर्ड्यावर दिसली ती एफसी गोवा ही दुसरी टीम आणि तिचा स्पॅनिश स्ट्रायकर कोरो. कोरो मोठाच, इंडियन सुपर लीगच्या ५७ सामन्यांत ४८ गोल. पोराने हळूच विचारलंसुद्धा, कोरो नको काय कोणाला? मी म्हटलं, ती तुमच्या पिढीची जर्सी, तुम्ही छापा.

यादीत डोकं घालून त्याने दुसरा प्रश्न विचारला, आणि इथे मला तो आवडला. बहुतेक दुकानदार यादी घेतात आणि पैसे मोजतात. हा म्हणाला, "नऊच्या नंतर अकरा? दहा नंबर खय गेलो?"

"दहा नंबर नाय करूचो."

"कोणाक नको?"

"कोणाकच देऊचो नाय. तो क्रिस्तियानोचो."

"रोनाल्डोचो सात मां?"

मग मी स्टुलावर बसलो आणि तो उभा राहिला. क्रिस्तियानो ज्युनियर, ब्राझीलचा. ईस्ट बंगालमधून २००४ मध्ये धेंपोत आला. मी त्याला फातोर्ड्यावर दोनदाच पाहिलं. मोठा देखणा खेळ. पळताना खांदे हलायचे नाहीत, फक्त पाय. ५ डिसेंबर २००४, बंगळूरला फेडरेशन कपची फायनल, समोर कोलकात्याचं मोहन बागान. धेंपोने २-० जिंकली, दोन्ही गोल त्याचे. दुसरा गोल मारताना गोलकीपरशी टक्कर झाली आणि तो मैदानावरच कोसळला. परत उठला नाही. वय २५. रविवार होता. सोमवारी सकाळी मी पणजी स्टँडवर गाडी भरत होतो. पेपरवाल्याने पेपर नुसता माझ्या हातात दिला, पैसे घेतले नाहीत. बांद्यापर्यंत मी किती तिकिटं फाडली ते मला आजही आठवत नाही, पण कॅश जुळली होती. त्या सीझनला धेंपोने नॅशनल लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची देशाची लीग, जिंकली, आणि क्लबने दहा नंबर कायमचा बाजूला ठेवला.

पोराने विचारलं, "मगे तुमच्यातल्या कोणी त्याचा नाव घेतला नाय?"

नाही घेतलं. तीन रविवारांच्या भांडणात हे एकच नाव कोणाच्या तोंडून आलं नव्हतं.

काम कसं केलं ते सांगतो, कारण परीक्षण वाचणाऱ्याला त्याचंच पडलेलं असतं. नाव कॉम्प्युटरवर लावतो, मग मशीनमधली सुई रबरी कागदासारखा रंगीत पापुद्रा कापते. त्यातला नको असलेला भाग चिमट्याने उपटून काढायचा. इंग्रजी अक्षरं सोपी. आम्हाला नावं आणि आकडे देवनागरीत हवे होते, आणि तिथे सगळी कसरत. 'ब्रह्मानंद'मधल्या ह्म च्या पोटात तांदळाच्या कणीएवढा तुकडा राहतो, तो निघाला नाही तर अक्षर बुजतं. पोरगा मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून तो तुकडा काढत होता. मग शर्ट मशीनवर पसरायचा, आधी पाच-सहा सेकंद नुसताच दाबायचा. का, विचारलं. म्हणाला, आपल्याकडची हवा दमट, कपडा पाणी धरतो, ते आधी उडवलं नाही तर अक्षर चिकटत नाही. मग नाव ठेवून, वर बटर पेपर घालून पंधरा सेकंद. वाफेचा आणि गरम प्लॅस्टिकचा वास येतो. थंड झाल्यावर वरची फिल्म ओढली की नाव उरतं. बेटोचं नाव माझ्यासमोर उरलं. दोनच अक्षरं, म्हणून त्याने जरा मोठी घेतली. मी सांगितलं नव्हतं.

आता तक्रारी. तीन आहेत.

पहिली: क्लिफर्ड. मी यादी कागदावर दिली होती, पण त्याने घाईत आमच्या एकाकडून व्हॉट्सअॅपवर नावं मागवली आणि ती तशीच त्याच्या जुन्या फाँटमध्ये टाकली. पहिली वेलांटी एक घर पुढे सरकली. शर्टावर आलं 'क्लफिर्ड'. लग्नपत्रिकेत हा प्रकार सगळ्यांनी पाहिलेला असतो. मास्तरांनी तर लाल पेन काढला. पोराने न कुरकुरता नवा शर्ट घेऊन परत छापलं, त्याचे पैसे लावले नाहीत. त्यात एक दिवस गेला. त्याच आठवड्यात दोन दिवस दुपारची लाइट गेली, मशीन थंड. आठाचे अकरा झाले ते असे. पण उशीर होतोय हा फोन मला करावा लागला, त्याने केला नाही. हे बरोबर नाही. गाडी लेट असेल तर स्टँडवर सांगायला लागतं.

दुसरी: माप. एक्सेल म्हणून दिलेले शर्ट आमच्या पोटांना लार्जसारखे बसतात. हा दोष दुकानाचा की आमचा यावर मतभेद आहेत.

तिसरी मोठी. दहाव्या दिवशी रात्री नऊला त्याचा फोन. "काका, एक गडबड झाली." माझ्या यादीत, सवयीप्रमाणे, मी डाव्या बाजूला अनुक्रमांक घातले होते. अनुक्रमांक, नाव, नंबर. दहाव्या ओळीला अँथनी, नंबर ११. रात्री एकट्याने काम करताना त्याने अनुक्रमांकच नंबर समजून दाबला. अकराव्या ओळीला आल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

मी सकाळी पहिल्या गाडीने गेलो. शर्ट टेबलावर पालथा होता. पाठीवर १०.

पोराने माझ्याकडे बघितलंच नाही. एवढं बसून ऐकलं होतं त्याने. नवा शर्ट मागवला तर चार दिवस, आणि रविवारी आमची कुडाळच्या पन्नाशीवाल्यांशी मॅच. मी म्हटलं, काढ. त्याने मशीन गरम करून आकडा हळूहळू सोलला, खालचा चिकटा थिनरच्या बोळ्याने पुसला. पाच मिनिटं पुसत होता. रंग गेला, ठसा गेला नाही. पॉलिएस्टरला एकदा तेवढी धग लागली की कपडा तिथे चकाकतो. त्याच जागेवर ११ बसवला. पहिला १ बरोबर जुन्या १ वर बसला. दुसऱ्या १ च्या भोवती ० ची सावली राहिली. सरळ बघितलं तर दिसत नाही. उन्हात माणूस वळला की दिसते.

शंभर रुपये त्याने त्याचे सोडले. मी नको म्हटलं, कारण अनुक्रमांक माझे. त्याने ऐकलं नाही.

रविवारी तो शर्ट ज्याला दिला त्याला मी काही सांगितलं नाही. तो पोस्टात आहे, गप्प माणूस. हाफटाइमला पाणी पिताना मास्तरांनी त्याच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मास्तर गप्प राहिल्याचा हा पहिलाच प्रसंग. आम्ही ३-१ हरलो. बेटोने, म्हणजे मी, दोन पास बरे दिले. रंटीने दोन्ही बाहेर मारले. पाव मोजण्याएवढं सोपं नसतं ते.

आज दोन महिने झाले, दर रविवारी शर्ट धुतले जातात. तेरा शर्टांची अक्षरं जशीच्या तशी. रंटीच्या 'मार्टिन्स'मधल्या र्टि चा वरचा रफार सुटायला लागलाय, पण बेकरीवाला शर्ट उलटा न करता कडक उन्हात वाळवतो आणि वर इस्त्रीही फिरवतो, तेव्हा तो दोष दुकानाच्या खाती टाकणार नाही. पोराने स्पष्ट सांगितलं होतं: उलटा करून धुवा, सावलीत वाळवा, अक्षरावर इस्त्री नको.

पाचापैकी साडेतीन. अर्धा उशीर होऊनही न केलेल्या फोनबद्दल कापला, एक वेलांटीबद्दल. दहा नंबरबद्दल काही कापलेलं नाही.

जाणार असाल तर मंगळवारी जाऊ नका, बाजाराचा दिवस, जिन्याखाली भाजीवाले बसतात आणि दार अर्धंच उघडतं. संध्याकाळी चारनंतर बरं. गुगल पे चालतं. नावं मराठीत हवी असतील तर छापायच्या आधी स्क्रीनवर एकेक अक्षर स्वतः बघा, पहिली वेलांटी खास बघा. आणि यादीत अनुक्रमांक घालू नका.